५३१ चालते, मग ५१३ का आपटते? जगलिंगच्या आकड्यांमागचे गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात अकरावी-बारावीच्या वीसेक मुलांसाठी दोन तासांचे गणिताचे सत्र घ्यायचे आहे आणि विषय जगलिंग, म्हणजे अनेक चेंडू आळीपाळीने फेकत-झेलत राहण्याचा खेळ, ठेवायचा आहे. फेकींचा क्रम सांगणारे ३३३, ४४१, ५३१ असे आकडे सगळीकडे दिसतात. ५३१ हाताला जमते, पण तेच अंक ५१३ या क्रमाने घेतले की चेंडू एकमेकांवर येतात. असे का होते? कोणता आकडा चालेल हे न फेकता ओळखता येते का? असे एकूण प्रकार किती? आणि गणितात याचा करमणुकीपलीकडे काही उपयोग आहे का?

पहिल्याचे उत्तर एका ओळीत देता येते: ५१३ मध्ये दोन चेंडू एकाच मात्रेला एकाच हातात पडतात. बाकी सगळे, मोजणीसुद्धा, याच एका निरीक्षणातून निघते. म्हणून तिथेच जरा जास्त वेळ थांबू.

फेकी आकड्यांत लिहिण्याच्या या लिपीला साइटस्वॅप म्हणतात. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती अमेरिकेत सांताक्रूझ व कॅलटेक आणि इंग्लंडमध्ये केंब्रिज अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाली. गृहीतके साधी आहेत. उजवा आणि डावा हात आलटून पालटून चालतात, मात्रा समान अंतराने पडतात आणि प्रत्येक मात्रेला फार तर एक चेंडू फेकला जातो. फेकीचा आकडा एवढेच सांगतो की हाच चेंडू आणखी किती मात्रांनी पुन्हा फेकला जाईल. विषम आकडा असेल तर चेंडू दुसऱ्या हातात जातो, सम असेल तर त्याच हातात परत येतो. ३ ही नेहमीची तिरकी फेक आणि ४ ही त्याच हातावर सरळ उभी फेक. १ म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात थेट सरकवलेला चेंडू. २ ही कागदावर फेक असली तरी प्रत्यक्षात तो चेंडू हातात धरून ठेवतात. ० म्हणजे त्या मात्रेला हात रिकामा. ५३१ हे तीन मात्रांचे आवर्तन आहे. आवर्तन विषम असल्यामुळे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, एकदा उजव्या हातावर येते, एकदा डाव्यावर. ज्या मुलांचा तबल्याशी संबंध आला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आता कसोटी. आवर्तनातल्या मात्रांना ०, १, २ असे क्रमांक द्या. प्रत्येक क्रमांकात त्या मात्रेची फेक मिळवा आणि आवर्तनाच्या लांबीने भागून बाकी काढा. सगळ्या बाक्या वेगवेगळ्या आल्या तर आकडा चालतो. दोन सारख्या आल्या तर टक्कर नक्की.

५३१: ०+५=५, १+३=४, २+१=३. तीनने भागल्यावर बाक्या २, १, ०. तिन्ही वेगळ्या.
५१३: ०+५=५, १+१=२, २+३=५. बाक्या २, २, २. तिन्ही सारख्या.

म्हणजे ५१३ मध्ये दोन नव्हे, तिन्ही फेकी एकाच जागेवर दावा सांगतात. मात्रा ० ला फेकलेला ५ मात्रा ५ ला येतो. मात्रा २ ला फेकलेला ३ मात्रा ५ ला येतो. पुढच्या आवर्तनातला १, म्हणजे मात्रा ४ चा, तोही मात्रा ५ ला त्याच हातात. मुलांना हे फळ्यावर सांगण्यापेक्षा चौकटीच्या वहीत काढायला लावा: एका ओळीत मात्रांचे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यातून आकड्याएवढ्या अंतरावर जाणारी कमान. बरोबर आकड्यात प्रत्येक ठिपक्यावर एक कमान उतरते आणि एकच निघते. चुकीच्यात काही ठिपक्यांवर गर्दी होते आणि काही ओस पडतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त सरासरी पाहणे. चेंडूंची संख्या आकड्यांच्या सरासरीएवढी असते हे खरे आहे. कारण सोपे: एकाच चेंडूच्या लागोपाठच्या फेकींची बेरीज म्हणजे तेवढा गेलेला वेळ. चेंडूंची संख्या च आणि आवर्तनातल्या मात्रा न धरल्या, तर न मात्रांत सगळ्या फेकींची बेरीज च × न भरते. त्यामुळे सरासरी अपूर्णांक आली की आकडा तिथेच बाद. पण सरासरी पूर्णांक आली म्हणून आकडा पास होत नाही. ५१३ ची सरासरी ३च आहे. सर्वांत बोलके उदाहरण ५४३२१ आणि १२३४५ या जोडीचे. ५४३२१ मध्ये पाचही चेंडू मात्रा ५ ला एकदम कोसळतात, आणि उलटे लिहिलेले १२३४५ तीन चेंडूंनी बिनबोभाट चालते. बेरीज करून पाहा, बाक्या १, ३, ०, २, ४ येतात. नजरेने पटकन तपासण्यासाठी एवढे लक्षात ठेवा: एखाद्या आकड्यानंतर लगेच त्याहून एकाने लहान आकडा आला (५४, ४३, ३२, २१) की पुढे बघायची गरज नाही. दोन मात्रांनंतर दोनाने लहान आला तरी तेच.

मग अंक तेच ठेवून क्रम बदलला तर प्रत्येक वेळी काही तरी चालणारे निघतेच का? निघते. न अंकांची बेरीज न ने भागली जात असेल, तर त्यांची किमान एक मांडणी चालणारी असते. हे मार्शल हॉल यांच्या १९५२च्या प्रमेयातून येते. त्यांचा विषय आबेली गट (क्रम बदलला तरी उत्तर तेच येते अशी बीजगणिती रचना) होता, चेंडू नव्हते. ५, ४, ३ घ्या: ५४३ मध्ये तिन्ही आपटतात, पण ५३४ चार चेंडूंनी चालते. मुलांना कुठलेही पाच अंक निवडू द्या, फक्त बेरीज पाचाच्या पटीत हवी, आणि मांडणी शोधायला लावा. मांडणी आहे हे प्रमेय सांगते, शोधण्याचे कष्ट त्यांचे.

हे प्रमेय वेळापत्रकात थेट वापरता येते. समजा स्वारगेटला एका फलाटावरून दर १५ मिनिटांनी एक बस सुटते, तासाला चार, आणि तोच क्रम दर तासाला फिरतो. चार मार्गांच्या पूर्ण फेऱ्यांना थांबा धरून ४५, ६०, ७५ आणि ६० मिनिटे लागतात. पंधरा मिनिटांची एक मात्रा धरली तर हा आकडा ३४५४ झाला. बाक्या ३, १, ३, ३ येतात, म्हणजे तीन बस एकाच वेळी फलाटावर. क्रम ५३४४ केला, म्हणजे ७५ मिनिटांचा मार्ग आधी, मग ४५, मग ६०, ६०, की बाक्या १, ०, २, ३ येतात आणि टक्कर जाते. एकूण २४० मिनिटांना ६० ने भागले की ४: एवढ्याच बस लागतील. सरासरीचे प्रमेय इथे बसची संख्या सांगते. प्रत्यक्षातली अडचण अशी की बस उशिरा येते आणि चेंडू सहसा उशिरा येत नाही, त्यामुळे खऱ्या वेळापत्रकात प्रत्येक आकड्यात फुरसतीचा वेळ मिळवावा लागतो.

नवीन आकडे बनवण्याची युक्ती लिपीच्या नावातच आहे, जागांची अदलाबदल. शेजारच्या दोन फेकी अ आणि ब असतील तर त्यांच्या उतरण्याच्या जागा बदला. अ, ब च्या ऐवजी ब+१, अ−१ मिळते. बेरीज तीच राहते, टक्कर होत नाही. ३३३ पासून सुरू करा:

३३३ मधल्या पहिल्या दोन बदलल्या: ४२३.
४२३ मधल्या शेवटच्या दोन बदलल्या: ४४१.
४४१ मधल्या पहिल्या दोन बदलल्या: ५३१.

तीन पायऱ्यांत नवख्यापासून बऱ्यापैकी अवघड आकृतीपर्यंत पोहोचलो. उलटी वाटही आहे आणि ती जास्त कामाची. कोणताही आकडा घ्या, सर्वांत मोठी फेक, जिच्यापुढे तिच्याहून लहान आहे अशी, पुढे आणा, तिची शेजारणीशी अदलाबदल करा, पुन्हा तेच. चालणारा आकडा असेल तर शेवटी सगळे अंक सारखे होतात. ७११ चे २६१ होते, ते फिरवून ६१२, मग २५२, फिरवून ५२२, मग ३४२, फिरवून ४२३, मग ३३३. मध्येच मोठ्या अंकापुढे एकाने लहान अंक आला तर अदलाबदलीने काहीच बदलत नाही, गाडी अडते, आणि मूळ आकडा चुकीचा होता हे कळते. म्हणजे ही रीत कसोटीही आहे आणि सिद्धताही: प्रत्येक चालणारा आकडा साध्या सारख्या फेकींपासून अदलाबदलींनी मिळतो. याशिवाय, कुठल्याही एका फेकीत आवर्तनाची लांबी मिळवली (५३१ चे ५६१) किंवा सगळ्यांत एक-एक मिळवला (६४२) की एक चेंडू वाढतो.

आता मोजणी. न मात्रांचे आवर्तन आणि नेमके च चेंडू असतील तर आकड्यांची संख्या (च+१)^न − च^न. हे सूत्र १९९४ साली ब्यूलर, आयझेनबड, ग्रॅहम आणि राइट यांनी प्रसिद्ध केले. यातले रॉन ग्रॅहम अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी आणि इंटरनॅशनल जगलर्स असोसिएशन या दोन्हींचे अध्यक्ष राहिले होते. ही दोन पदे एकाच माणसाकडे जाणे या विषयाला शोभते. त्यांची मूळ सिद्धता थोडी वळणाची आहे. सत्रासाठी एहरेनबोर्ग आणि रेडी यांची १९९६ची कार्डांची रीत घ्या, ती दहावीच्या मुलालाही कळते.

कोणत्याही क्षणी हवेतले चेंडू "आधी कोण पडणार" या क्रमाने रांगेत उभे करा. पुढच्या मात्रेला सर्वांत पुढचा पडतो, फेकला जातो आणि रांगेत पुन्हा कुठे तरी घुसतो: पहिला, दुसरा, तिसरा. कितव्या जागी घुसला तो कार्डाचा क्रमांक. त्या मात्रेला कोणीच पडत नसेल तर कार्ड ०. तीन चेंडूंना ०, १, २, ३ अशी चार कार्डे. ३३३ म्हणजे दरवेळी रांगेच्या शेवटी, कार्डे ३, ३, ३. ४२३ ची कार्डे ३, २, ३. ४४१ ची ३, ३, १. ५३१ ची ३, २, १. हे एकदा ५३१ साठी हाताने काढून पाहा. पहिल्या मात्रेला हवेतले बाकीचे दोन चेंडू मात्रा १ आणि २ ला पडणार आहेत, नवा मात्रा ५ ला, म्हणून तो तिसरा. दुसऱ्या मात्रेला बाकीचे २ आणि ५ ला, नवा ४ ला, म्हणून दुसरा. तिसऱ्या मात्रेला बाकीचे ४ आणि ५ ला, नवा ३ ला, म्हणून पहिला.

गंमत अशी की कार्डे कशीही लावली तरी टक्कर होऊ शकत नाही, कारण रांगेत दोघे एका जागी उभे राहत नाहीत. न जागा, प्रत्येकीला च+१ कार्डे, म्हणून (च+१)^न. यातून ज्या मांडणीत सर्वांत मोठे कार्ड एकदाही आले नाही त्या वजा करा, कारण तिथे रांगेतला शेवटचा चेंडू कधी खालीच येत नाही. अशा मांडण्या च^न. सूत्र तयार.

तीन चेंडूंसाठी लांबी १ ते ५ ला उत्तरे येतात १, ७, ३७, १७५, ७८१. ३७ चा पडताळा हाताने करता येतो आणि करावाच. ५३१, ३१५, १५३ हे एकाच आकृतीचे तीन सुरुवातबिंदू, म्हणून ३३३ सोडून उरलेले ३६ तीन-तीनच्या गटात पडतात आणि १२ आकृती उरतात. त्या अशा: ४२३, ४४१, ४५०, ५२२, ५३१, ६०३, ६३०, ६१२, ७११, ७२०, ८०१, ९००. बहुतेक गट ६०३ आणि ६३० यांना एकच समजून ११ वर अडकतात. दोन्ही फिरवून एकमेकांत येत नाहीत, दोन्ही धरायचे.

याच ३७ मध्ये पर्म्युटेशन, म्हणजे क्रमबदल, मोजताना येणारे ऑयलरचे आकडेही लपलेले आहेत. फेकींच्या बाक्यांतून ०, १, २ चे पर्म्युटेशन मिळते, अशी सहा पर्म्युटेशन आहेत. एखाद्या पर्म्युटेशनमध्ये किती अंक आपल्या जागेपेक्षा लहान जागी जातात ते मोजा. चेंडू काळात मागे फेकता येत नाही, म्हणून अशा प्रत्येक जागी ३ मिळवावे लागतात, म्हणजे एकेक चेंडू आधीच खर्च होतो. एकही मागे न जाणारे पर्म्युटेशन एक, एक मागे जाणारी चार, दोन मागे जाणारे एक: १, ४, १. उरलेले चेंडू तीन जागांत वाटण्याचे मार्ग अनुक्रमे १०, ६, ३. तेव्हा १×१० + ४×६ + १×३ = ३७. हीच बेरीज कुठल्याही न आणि च साठी मांडली की घात आणि ऑयलरचे आकडे जोडणारी वॉर्पिट्स्कीची नित्यसमानता हाती येते, तीही एकाही बीजगणिती कसरतीशिवाय. पर्म्युटेशन मोजण्याची आपल्याकडची जुनी ओळख द्यायची असेल तर लीलावतीतला अंकपाश आठवा: शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे अदलून-बदलून दिली तर किती मूर्ती होतील? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांसाठी २४.

मात्र ७८१ हा आकडा ऐकून कोणी हुरळू नये. त्यात १५ ची एक फेक आणि चार शून्ये असलेले नगही आहेत. सेकंदाला चार मात्रा आणि प्रत्येक झेलीनंतर चेंडू हातात ०.३ सेकंद राहतो असे धरले तर आकडा ट ची हवेतली वेळ (ट × ०.२५ − ०.३) सेकंद. उंची म्हणजे या वेळेचा वर्ग गुणिले ९.८, भागिले ८. त्यावरून ३ ची उंची सुमारे २५ सेंटीमीटर, ४ ची ६०, ५ ची १.१ मीटर, ६ ची पावणेदोन मीटर, ७ ची २.६ मीटर, आणि १५ ची साडेचौदा मीटर. आकडा दुप्पट केला की उंची दुप्पट होत नाही, ३ वरून ६ ला ती सातपट होते. हात जमिनीपासून मीटरभर वर असतो आणि साडेनऊ फुटी छताच्या खोलीत पंखा साधारण आठ फुटांवर फिरतो. म्हणजे ५ ची फेक आत चालते, ६ ची पंख्यात जाते, ७ साठी गच्ची नाही तर सारसबागेतली हिरवळ.

माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांचे समीकरणही याच ठिकाणी दाखवा: (हवेतला वेळ + हातातला वेळ) × हात = (हात रिकामा असण्याचा वेळ + हातातला वेळ) × चेंडू. वरच्या आकड्यांत ३३३ साठी (०.४५+०.३)×२ = १.५ आणि (०.२+०.३)×३ = १.५. हात दोनच असताना चेंडू वाढवायचा तर उंच फेका, हातातून लवकर सोडा किंवा हात रिकामा राहण्याचा वेळ कमी करा.

उंचीची मर्यादा घातली की मोजणीचे सूत्र चालत नाही, कारण ५ च्या वर न जाणारे ३७ पैकी १६ च उरतात. तिथे अवस्थांचा आलेख लागतो. अवस्था म्हणजे येत्या मात्रांपैकी कोणत्यांना चेंडू पडणार याची यादी: पडणार असेल तर १, नाही तर ०. तीन चेंडू आणि कमाल उंची ५ असेल तर पाच जागांतून तीन निवडायच्या, म्हणून १० अवस्था. नियम एकच: पहिला अंक १ असेल तर तो काढा, यादी एक घर डावीकडे सरकवा आणि रिकाम्या जागी १ ठेवा. कितव्या जागी ठेवला तोच फेकीचा आकडा. पहिला अंक ० असेल तर फेक ० आणि नुसते सरकणे. या आलेखातली प्रत्येक बंद वाट म्हणजे एक चालणारा आकडा. आलेखाची सारणी (कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येते ते १ आणि ० ने मांडलेली) न वेळा स्वतःशी गुणून कर्णाची बेरीज घेतली की न लांबीच्या वाटांची संख्या मिळते. संगणक शिकणाऱ्या मुलांना हे काम द्या, तीन लांबीला १६ आले पाहिजेत.

आलेखाचा हाताला होणारा फायदा मोजणीपेक्षा मोठा आहे. ३३३ ची अवस्था १११०० आहे. ४२३, ४४१, ५३१ याच अवस्थेतून निघून इथेच परततात, म्हणून नेहमीच्या फेकीतून थेट सुरू करता येतात आणि थेट सोडता येतात. अशी तीन चेंडूंची तीन लांबीची सहा: ३३३, ३४२, ४२३, ४४१, ५२२, ५३१. सर्वसाधारण सूत्र, न हे च पेक्षा लहान नसेल तर, च! × (च+१)^(न−च). पाच लांबीला ९६. पण ५१, म्हणजे एका हाताने उंच फेकायचे आणि दुसऱ्याने सरकवायचे ती गोल फिरणारी आकृती, ११०१० या अवस्थेत राहते. ३३३ मधून सरळ ५१ सुरू करणाऱ्याचे चेंडू पहिल्या दोन मात्रांत आपटतात आणि तो आपल्या हातांना दोष देतो. वाट अशी आहे: आधी एक ४, मग ५१५१ हवे तितके, बाहेर पडताना एक २. पूर्ण ओळ ३३३४५१५१५१२३३३. पुष्कळदा "जमत नाही"चे मूळ अशा गाळलेल्या जोडफेकीत असते.

हातांच्या चुकांबद्दल एवढेच. ४४१ मध्ये १ वर उडवला जातो, तो आडवा सरकवायचा. वर गेला की त्याची वेळ ३ एवढी होते आणि लय मोडते. ५३१ मध्ये ५ लुटुपुटुचा जातो आणि त्याच्या खालून जाणाऱ्या ३ ला धडकतो. डोळ्यांच्या बरेच वर, डोक्याहून दीड-दोन फूट उंच शिखर धरा. साइटस्वॅप फक्त हातातल्या टकरी पाहते, हवेतल्या नाही. तिला फेक आतून झाली की बाहेरून हेही कळत नाही. दोन्ही हातांनी एकदम फेकायच्या किंवा एका हातातून दोन चेंडू एकदम सोडायच्या प्रकारांना वेगळ्या खुणा आहेत, त्या पहिल्या सत्रात नकोत.

चेंडू टेनिसचे घेऊ नका. ते ५८ ग्रॅमचे हलके आणि पडले की खोलीभर पळतात. कापडी पिशवी शिवा: साडेसहा सेंटीमीटर व्यास, आत साधारण ११० ग्रॅम बाजरी, गच्च नाही, दाबल्यावर दबेल इतकी. वीस मुलांना साठ नग, म्हणजे पावणेसात किलो बाजरी धरा. पावसाळ्यात तिला किडे होतात, सत्राआधी पिशव्यांना ऊन दाखवा.

शेवटचा प्रश्न उपयोगाचा. बसचे उदाहरण वर आलेच. गणिताच्या आत दोन ठिकाणी हे आकडे गंभीरपणे वापरले गेले आहेत. पहिले, अनंत पर्म्युटेशनचे गट. फेकीचा नियम "मात्रा म वरून म+ट वर" हा सगळ्या पूर्णांकांवरचा आवर्ती पर्म्युटेशन आहे, आणि कार्डांवर चेंडूंच्या वाटा किती वेळा एकमेकींना छेदतात हे मोजून (कार्ड ज मध्ये ज−१ छेद, म्हणून ५३१ मध्ये तीन) एहरेनबोर्ग आणि रेडी यांनी या गटांची लांबीनुसार (इथे लांबी म्हणजे आवर्तनाची नव्हे, उलट्या क्रमाने आलेल्या जोड्यांची संख्या) मोजणी केली. दुसरे जास्त अनपेक्षित आहे. नटसन, लॅम आणि स्पेयर यांनी २०१३च्या लेखात दाखवले की ग्रासमानियन नावाच्या भौमितिक अवकाशाचे पॉझिट्रॉइड हे तुकडे नेमके अशा जगलिंग आकड्यांनी ओळखता येतात ज्यांची कोणतीही फेक आवर्तनाच्या लांबीपेक्षा मोठी नाही. लांबी ३ साठी हे तुकडे हाताने मोजता येतात: शून्य चेंडूंचा एक (०००), एका चेंडूचे सात (१११, ३०० ची तीन रूपे, ०१२ ची तीन), दोन चेंडूंचे सात (२२२, ३३० ची तीन, ३१२ ची तीन), तीन चेंडूंचा एक (३३३). एकूण १६.

दोन तासांत कमानींचे चित्र, बाक्यांची कसोटी, अदलाबदल, कार्डे आणि ३७ ची यादी एवढे बसते. पहिला अर्धा तास वहीवर, मग दर नव्या कल्पनेनंतर दहा मिनिटे फेकाफेक. अवस्थांचा आलेख ज्यांना ३३३ येते त्यांच्यासाठीच ठेवा. तपासणीला जगलिंग लॅब हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, आकडा टाकला की चेंडू फिरताना दिसतात. ९ पेक्षा मोठ्या फेकी त्यात इंग्रजी अक्षरांनी लिहायच्या, १० ला ए, ११ ला बी. घरी करायला लांबी ४ ची पॉझिट्रॉइडची यादी द्या. चेंडूंनुसार १, १५, ३३, १५, १ असे ६५ आले पाहिजेत. एका चेंडूचे १५ का, हे मुलांना चटकन सुचते, कारण चार मात्रांपैकी कोणकोणत्या मात्रांना तो हातात येतो एवढेच ठरवायचे असते. दोन चेंडूंच्या ३३ ला मात्र संध्याकाळ लागेल.